लिथियमची चंचलता आणि सोसायटीची गच्ची

गच्चीवर सौर पॅनेल बसविण्यासाठी सरकार रोख अनुदान देते, मग त्या पॅनेलांची वीज रात्रीसाठी राखून ठेवणाऱ्या बॅटरीला एक छदामही का देत नाही, आणि भर दुपारी, गच्चीवर ऊन रखरखत असताना, रस्त्यावरची वीज गेली की आमची लिफ्ट का अडकते, असे दोन प्रश्न एका गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांनी एकाच पत्रात विचारले आहेत. हे दोन्ही प्रश्न मुळात एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले असावे, असे पत्राच्या किंचित चिडक्या स्वरावरून वाटते.

प्रथम पैशांचा भाग उरकून घेऊ. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद करून मंजूर केलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराच्या मालकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात; गृहनिर्माण संस्थेला मात्र जिना, लिफ्ट, पंप, मोटारींचे चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी, घरटी तीन किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉट या मर्यादेत, सरसकट १८,००० रुपयेच. सरकारने गृहीत धरलेल्या खर्चाच्या मानाने पाहिले, तर बंगलेवाल्याच्या पहिल्या दोन किलोवॉटांचा ६० टक्के भार सरकार उचलते आणि फ्लॅटवाल्यांचा ४० टक्के. मोठ्या संचाला किलोवॉटमागे खर्च कमी येतो, हे या भेदाचे समर्थन होऊ शकते. पण ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे त्याला अधिक आणि ज्याचे छप्पर सत्तावीस शेजाऱ्यांत वाटले गेले आहे त्याला कमी, ही वाटणी मला तरी उलटी वाटते.

‘शून्य वीजबिल’ अशा जाहिराती झळकत असतात, त्यांचा हिशेब एकदा गच्चीवर उभे राहून करावा. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट निर्वेध जागा लागते आणि आपल्याकडील उन्हात तेवढ्या संचातून, वर्षाची सरासरी धरता, दिवसाला चारेक युनिट वीज निघते. सात मजली, अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या इमारतीची गच्ची तीन हजार चौरस फुटांची धरली, आणि त्यातून पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, कठड्यांच्या व शेजारच्या उंच इमारतीच्या सावल्या वजा केल्या, तर दीड हजार चौरस फूट हाती उरतात. म्हणजे पंधरा किलोवॉट, महिन्याला अठराशे युनिट. बिऱ्हाडागणिक दरमहा दीडशे युनिट धरले, तरी घरांची गरज बेचाळीसशेवर जाते. इमारत वीस मजल्यांची असेल तर हे प्रमाण किती केविलवाणे होते, ते वाचकांनी ताडावे. सामाईक मीटरपुरता मात्र हा संच उत्तम शोभतो. कारण सर्वांचा वापर एकाच मीटरवर एकवटल्यामुळे तेथील बरेचसे युनिट वरच्या टप्प्याच्या दराने आकारले जातात, आणि वाचलेला प्रत्येक युनिट महागातला असतो. शिवाय पंधरा किलोवॉटांवर दोन लाख सत्तर हजारांचे अनुदान ही काही नाकारण्यासारखी रक्कम नव्हे.

आता लिफ्टकडे वळू. नेट मीटरिंगची पद्धत ही गावातल्या वाण्याच्या खातेवहीसारखी आहे: सुगीत आपण धान्य त्याच्या दुकानी टाकतो, तो ते जमेस धरतो, आणि श्रावणात आपण तेवढेच परत नेतो, घरात कणगी ठेवण्याचा खर्च नाही, उंदीर-घुशींची धास्ती नाही. दुपारी पॅनेलांची जादा वीज ग्रिडमध्ये जाते, रात्री तेवढी वजा होऊन परत येते, आणि वर्षअखेरीस काही शिल्लक उरलीच तर कंपनी ती अल्प दराने विकत घेते. पण दुकानाला कुलूप लागले की खातेवहीतील जमेच्या आकड्यांनी चूल पेटत नाही. किंबहुना येथे आणखी एक गोष्ट घडते: ग्रिडचा पुरवठा खंडित होताच सौर इन्व्हर्टर क्षणार्धात स्वतःहून बंद पडतो, आणि तो तसा पडावा असा नियमच आहे, कारण अन्यथा गल्लीतील तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाती तुमच्या गच्चीवरची वीज लागेल. चिटणिसांची लिफ्ट अडकते ती या एका माणसाच्या जिवासाठी. वीज नसताना पॅनेल चालू ठेवायचे, तर इमारतीला ग्रिडपासून तोडून स्वतंत्र करणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा आणि त्याच्या पाठीशी बॅटरी हवी.

पॅनेल आणि बॅटरी यांचे हे नाते फार जुने आहे, आणि त्याच्या आरंभीची हकिकत मला इतकी प्रिय आहे की संपादकांनी जागा कमी दिली असती तरी मी ती सांगितलीच असती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या प्रारंभी डॅरिल चॅपिन या अभियंत्याकडे जे काम सोपविण्यात आले होते त्यात सूर्याचा उल्लेखही नव्हता. उष्ण व दमट प्रदेशांतील दूरध्वनी यंत्रणेच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत, त्यांना पर्याय शोधावा, एवढेच ते काम होते. म्हणजे आजचा सौर घट जन्मला तो बॅटरीच्या नालायकीतून! चॅपिनने प्रथम सेलेनियमचे घट तपासले, तेव्हा पडलेल्या प्रकाशाच्या अर्धा टक्का देखील वीज हाती येईना. त्याच प्रयोगशाळेत जेराल्ड पिअर्सन आणि रसायनज्ञ कॅल्विन फुलर हे दोघे सिलिकॉनवर सर्वस्वी निराळ्या हेतूने काम करीत होते. फुलरने गॅलियम मिसळून दिलेला सिलिकॉनचा तुकडा पिअर्सनने तप्त लिथियममध्ये बुडविला, त्यावर दिव्याचा प्रकाश टाकला, आणि मापकाचा काटा असा उसळला की पिअर्सनने चॅपिनला गाठून सेलेनियमचा नाद सोडायला सांगितले.

परंतु लिथियमने लवकरच दगा दिला. साध्या खोलीच्या तापमानातही त्याचे अणू सिलिकॉनमधून आत आत सरकत राहिले, आणि पृष्ठभागालगत हवा असलेला, वीज निर्माण करणारा संधिपट्टा प्रकाशाच्या आवाक्याबाहेर खोल जाऊ लागला. अखेर फुलरने लिथियमची हकालपट्टी करून आर्सेनिक व बोरॉन यांची योजना केली, आणि २५ एप्रिल १९५४ रोजी सहा टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट जगापुढे आला, त्याच्यावर खेळण्यातला फिरता पाळणा गरगरला. तिघांतील फुलरचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. अणूंना घन पदार्थात हवे तेवढेच खोल मुरवण्याची त्याची कला नसती, तर गच्चीवरचे पॅनेल आणि खिशातला फोन ही दोन्ही लांबणीवर पडली असती. आणि ज्या चंचलतेपायी लिथियमला सौर घटातून निघावे लागले, त्याच चंचलतेच्या बळावर ते पुढे बॅटरीत सन्मानाने परतले: घन पदार्थाच्या थरांतून सहज आत-बाहेर करणारा हलका, चिमुकला आयन हेच तर लिथियम-आयन बॅटरीचे सारे भांडवल आहे.

त्या बॅटरीची कमाई किती, हे मोजण्यासाठी पुन्हा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे यावे. वीस हजार लिटर पाणी वीस मीटर उंच चढविले तर त्यात साठणारी ऊर्जा, सारी गळती बाजूला ठेवली तरी, जेमतेम एक युनिट भरते. आणि तेवढेच एक युनिट आजची लोह-फॉस्फेट बॅटरी दहा किलोंच्या आसपासच्या वजनात सामावून घेते. या लोह-फॉस्फेट पदार्थाचा शोधनिबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला, त्यावर जॉन गुडइनफ यांच्याआधी अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, लिथियम बॅटरीबद्दल नोबेल मिळाले; पाढी यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधून सापडेल की काय, याची मला शंका आहे. इमारतीच्या दृष्टीने तर त्यांचेच काम अधिक मोलाचे; कारण फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचे बंध बळकट असल्यामुळे हा पदार्थ तापला तरी कोबाल्टच्या जुन्या पदार्थाप्रमाणे सहजासहजी ऑक्सिजन सोडून आगीला खतपाणी घालत नाही. आतील द्रव ज्वलनशीलच असतो, तेव्हा धोका नाहीच असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग अशा गुणी वस्तूला अनुदान का नाही? सरकारी कैफियत सोपी आहे: खातेवही फुकट मिळत असता कणगीवर खर्च कशाला, आणि साठवण करायचीच तर ती एका जागी मोठ्या प्रमाणावर स्वस्त पडते. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ४,००० मेगावॉट-तासांच्या ग्रिडवरील बॅटऱ्यांसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर केली. ऑस्ट्रेलियात याच्या उलट, १ जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीवर सुमारे तीस टक्के सूट आहे, कारण तेथे दुपारी छपरांवरून इतकी वीज लोटते की ती घेणारा ग्राहक उरत नाही. तेथील व्हिक्टोरिया राज्याने तर फ्लॅटवाल्यांसाठी घरटी २,८०० डॉलरपर्यंत निराळे सौर अनुदान ठेवले. आपल्याकडे दुपारच्या विजेचा दर पडू लागला आणि नेट मीटरिंगचे नियम आवळले गेले, की हा युक्तिवाद आपोआप पालटेल.

तोवर चिटणिसांना माझे उत्तर असे, की रात्रभराची वीज साठविण्याच्या फंदात पडू नये. लिफ्ट, जिन्यातील दिवे आणि एखादा पंप एवढ्यापुरती दहा-बारा युनिटांची बॅटरी घ्यावी, आणि तिचा खर्च पॅनेलांच्या बचतीशी न ताडता डिझेल जनित्राच्या खर्चाशी ताडावा. इन्व्हर्टर पहिल्यापासून हायब्रिडच मागावा, आणि लिफ्टची मोटार सुरू होताना जो मोठा प्रवाह ओढते तो त्याला पेलेल याची लेखी खात्री घ्यावी. बॅटरीची जागाही दरपत्रक मंजूर करतानाच ठरवावी: गच्चीवर नको, कारण उष्णतेने तिचे आयुष्य घटते, तळमजल्यावर, हवेशीर, पावसाचे पाणी चढणार नाही अशा उंचीवर असावी. जिन्याखालची मोकळी जागा सभेत सर्वांना प्रथम सुचेल, तिला चिटणिसांनी निक्षून नकार द्यावा. आग लागलीच तर अठ्ठावीस बिऱ्हाडांना त्याच जिन्याने उतरायचे असते.