दीड लिटर उकळतं पाणी

‘‘आई, तुझी ती छोटी एफडी कधी मॅच्युअर होते गं?’’

मनूनं असं लाडात येऊन विचारलं की समजावं, पोरीच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, ‘‘आधी कशाला हवेत ते सांग.’’

‘‘बाबांच्या गाडीला इंजिन मिळालंय. टर्बो!’’

बाबांची गाडी म्हणजे आमची २००७ ची स्विफ्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा ती चार दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर यांनी घाईनं किल्ली फिरवली आणि इंजिन बसलं ते बसलंच. (पुरातून निघालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नसते, आत शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि इंजिनच्या आतले दांडे वाकतात, हे शहाणपण आम्हाला नंतर आलं.) दोन वर्षांनी हेही गेले. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली. भंगारवाला दर दिवाळीला विचारून जायचा आणि मी दर दिवाळीला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे.

मनू मेकॅनिकल इंजिनीअर. तिला ऑटोक्रॉसचं वेड, म्हणजे मोकळ्या मैदानात खुणेचे शंकू मांडून घड्याळ लावून गाडी पळवायची. उलटून टप चेपलेल्या एका बलेनो आरएसचं इंजिन तिनं स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. बाकीच्या खर्चाची यादी तिनं माझ्यापुढे ठेवली. आता मी बँकेत एकतीस वर्षं काढलेली बाई. यादी दिसली की मी ती खालून वर वाचते. सगळ्यात खाली लिहिलं होतं ‘ब्रेक’, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

‘‘हे प्रश्नचिन्ह कसलं?’’

‘‘ते नंतर गं. आहेत की ब्रेक गाडीला. चांगले आहेत.’’

‘‘जुन्या इंजिनाला चांगले होते ना?’’

मनू गप्प बसली. मग तिनंच यादी उलटी केली आणि मागे गणित मांडलं. माणसांसकट गाडी बाराशे किलो धरली. ताशी १०० किलोमीटरनं पळणारी ही गाडी थांबवायची, तर तिच्यातली सगळी गतीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती बहुतेक ब्रेकमध्येच. किती? तर दीड लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी! माझ्या गॅसवर त्याला आठ-नऊ मिनिटं लागतात, ब्रेकला मिळतात चार-पाच सेकंद. वेग ६० असेल तर पाणी अर्धा लिटर, १२० असेल तर दोन लिटरच्या वर. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. आकडे लिहिता लिहिता तिचं तिलाच काहीतरी कळलं असावं. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, ‘‘खरंय. ब्रेक आधी.’’

टर्बो म्हणजे काय, हे मला त्या रात्री जेवताना समजलं. इंजिन जो धूर बाहेर टाकतं, त्याच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. उष्ट्यावरच ताकद काढायची, म्हणजे आपल्या शिळ्या पोळीच्या चुरम्यासारखंच की! आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनीअरनं १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. जुन्या स्विफ्टची ताकद ८७ हॉर्सपॉवर, या छोट्याशा तीन सिलिंडरच्या इंजिनाची शंभरच्या थोडी वर. तेवढ्यानं काय मोठासा फरक, असं मला वाटलं. पण खेच ११३ वरून १५० न्यूटन मीटर होते आणि तीही कमी फेऱ्यांत. म्हणजे एका वळणातून सुटलेली गाडी पुढच्या वळणाशी आधीपेक्षा जास्त वेगात येऊन पोहोचते. तो वाढीव वेग सगळा ब्रेकच्या माथी.

गाड्या बनवणाऱ्यांना हे ठाऊकच असतं. साध्या बलेनोला मागे ड्रम ब्रेक, पण टर्बोवाली आरएस २०१७ मध्ये आली ती मागेही डिस्क घेऊन. पोर्शेनं १९७८ मध्ये ९११ टर्बोचं इंजिन वाढवलं तेव्हा ब्रेक थेट आपल्या ९१७ या शर्यतीच्या गाडीच्या धर्तीवरचे दिले. आपल्याकडे मात्र इंजिन बदलणारी पोरं आधी रंग आणि आवाज बघतात.

मग महिनाभर माझ्या अंगणाचं गॅरेज झालं. त्याच उलटलेल्या बलेनोच्या चारही डिस्क आल्या. पुढच्या डिस्क मोठ्या, त्या जुन्या चौदा इंची चाकांत मावेनात, म्हणून चाकं बदलली. मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी घट्ट धरले तर गाडी गर्रकन फिरते, म्हणून पुढचा-मागचा जोर जुळवण्यात दोन रविवार गेले. ब्रेक ऑइल नवं भरलं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ घेतं तसं. ताजं डॉट-४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरला की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. एकदा उकळलं की त्यात वाफ होते, पेडल भुसभुशीत होतं आणि पाय नुसताच खाली जातो. आपल्या साध्या गाडीतही ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुम्ही शेवटचं कधी बदललंत?

सायलेन्सरची नळीही नवी केली. टर्बोच्या पुढे धुराला मोकळी वाट लागते, नाहीतर चक्र गुदमरतं. जुनी नळी अरुंद, म्हणून दोन इंची घातली. ओळखीच्या मिस्त्रींनी ती सरळ वाटेनं, ब्रेकच्या नळीला जवळजवळ चिकटून नेली होती. मनूनं ती कापायला लावली. मिस्त्री मला म्हणाले, ‘‘वहिनी, ताई लई चिकित्सा करत्यात बघा.’’ मी म्हटलं, ‘‘करू दे.’’ तापलेल्या नळीशेजारी ब्रेक ऑइल म्हणजे चुलीला टेकवून ठेवलेलं दूध. नळी दुसऱ्या बाजूनं फिरवली, मध्ये उष्णता अडवणारा पत्रा बसवला. आवाजाची मला धास्ती होती, पण टर्बोचं चक्र धुराचे धक्के पुष्कळसे खाऊन टाकतं. शेजारच्या पोराची बुलेट हिच्या दुप्पट ओरडते.

पहिली चाचणी मे महिन्यात झाली. हंगाम संपला की साखर कारखान्याचं उसाच्या गाड्या लागतात ते आवार रिकामं असतं. माझा भाऊ तिथेच नोकरीला, त्यानं परवानगी काढली. मी हट्टानं शेजारच्या सीटवर बसले. मनूनं दोन चकरा हळू मारल्या. तिसऱ्या चकरेत गाडी अशी काही उसळली, की माझ्या तोंडून यांचंच नाव आलं. समोर कुंपणाची भिंत. मनूनं ब्रेक दाबला. तिचा चेहरा मी बघितला आणि पोटात गोळा आला. पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं. दोन्ही पायांनी रेटून, हँडब्रेक ओढून गाडी थांबली, तेव्हा भिंत सात-आठ पावलांवर होती. मामा पळत आला. तिघंही काही बोललो नाही.

कारण सापडलं ते अंगठ्याएवढं. आपल्या पायाच्या जोराला मदत करणारा एक डबा असतो, ब्रेक बूस्टर. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर तो चालतो. टर्बो जोरात आला की जिथं ओढ होती तिथंच हवा रेटली जाते. म्हणून मधल्या नळीत एकाच दिशेनं उघडणारी झडप लागते. नळी नवी टाकताना ती झडप बसवायची राहिली होती. राहिली होती मनूच्याच हातून, तिनं ते मान्य केलं. त्या रात्री ती जेवली नाही. मी जेवले, पण तिच्या शेजारी बसून. ‘गाडी वीक’ असं म्हणण्यासाठी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. दुसऱ्या दिवशी झडप बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच आवारात गेलो, मी पुन्हा त्याच सीटवर. या वेळी तिनं उभ्या गाडीतच पेडल दहा वेळा तपासलं.

रस्त्यावर मात्र ही गाडी येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. शिवाय गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२२ मध्येच संपली. त्यामुळे स्पर्धेला ती टेम्पोवर चढून जाते, नवरदेवासारखी. एफडीतले सतरा हजार उरलेत, ते मी मनूला सांगितलेले नाहीत.

राहिला जुना सायलेन्सर. यंदा दिवाळीला भंगारवाला आला, तो खुशीत लोखंडाच्या भावानं वजन करायला लागला. मी म्हटलं, ‘‘थांबा मामा. यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम असतं, पॅलेडियम असतं. तो भाग वेगळा काढा, त्याचा भाव वेगळा.’’ त्यांनी तराजू खाली ठेवला आणि मनूकडे बघितलं. मनू म्हणाली, ‘‘माझ्याकडं काय बघताय? बँकेत होती ती.’’