शाळेच्या जागा ठरतात कशा?

जून जवळ आला की कोल्हापुरातले पालक मला विचारतात, "शेजारच्या मुलाला प्रवेश मिळाला, आमच्या मुलाला का नाही?" मी त्यांना आधी हिशेब सांगतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक, असे प्रमाण घातले. वर्गखोल्या आणि शिक्षक मोजके, म्हणून जागाही मोजक्या. त्यातही खासगी विनाअनुदानित शाळांना, अल्पसंख्याक शाळा वगळता, प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या लागतात. अर्ज जास्त आले की सोडत निघते. घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असेल, तर आधी संधी. भाड्याने राहणाऱ्यांचे घोडे अडते ते इथेच. कारण नोंदणी केलेला भाडेकरार त्यांच्याजवळ नसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या जागांतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये इथे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज पालक स्वतःहून दारात उभे आहेत. म्हणून सांगतो, भाडेकरार वेळेत नोंदवा. प्रवेशासाठी मुलाची मुलाखत किंवा देणगी मागणे कायद्याने गुन्हा आहे, हेही विसरू नका.