पाटी एकाची, फाइल साऱ्यांची

5 नोव्हेंबर 2003 रोजी सिॲटलच्या न्यायालयात गॅरी रिजवे याने 48 खून केल्याची कबुली दिली. 1982 पासून ग्रीन नदीच्या काठी आणि आसपासच्या रानात तरुण मुलींचे मृतदेह सापडत होते. सरकारला त्याच्यावर आरोप ठेवता आले होते ते फक्त सात खुनांचे. बाकीच्यांचा पुरावा हाती नव्हता. त्याच्या वकिलांनी प्रस्ताव मांडला की देहदंड मागू नका, तो सगळे सांगेल. देहदंडाचा सौदा करणार नाही, असे किंग काउंटीचे प्रॉसिक्युटिंग ॲटर्नी, म्हणजे प्रमुख सरकारी वकील, नॉर्म मेलेंग यांनी आधी जाहीर केले होते. अखेर त्यांनी आपला शब्द फिरवला आणि उरलेल्या 41 खुनांची उकल झाली. या निर्णयावर तेव्हा खूप वाद झाला. मला तो योग्य वाटतो. आपल्या मुलीचे काय झाले, हे कळण्याचा त्या आईबापांचा हक्क कोणत्याही शिक्षेपेक्षा मोठा होता.

निर्णय मेलेंग यांचा होता. पण त्या दिवशी आरोपीचा कबुलीजबाब न्यायालयात वाचून दाखवला तो त्यांचे डेप्युटी, म्हणजे हाताखालचे सरकारी वकील, जेफ बेअर्ड यांनी. पुढे डिसेंबरमध्ये शिक्षेच्या सुनावणीला मृत मुलींचे नातेवाईक एकामागून एक उभे राहून बोलले. अशा नातेवाइकांना कधी यायचे, कुठे बसायचे, काय ऐकावे लागेल, हे आधी समजावून सांगणारी माणसेही सरकारी वकिलाच्या याच कार्यालयात पगारावर असतात. अमेरिकेतल्या काउंटीच्या सरकारी वकिलाबद्दल आपण वाचतो ते बहुतेक निवडून आलेल्या एका व्यक्तीबद्दल. न्याय मिळतो किंवा हुकतो तो मात्र त्या व्यक्तीच्या मागे बसलेल्या, कुणी मत न दिलेल्या माणसांच्या हातून.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. वॉशिंग्टन राज्यात अशा 39 काउंटी आहेत. त्यांतली लोकसंख्येने सर्वांत मोठी किंग काउंटी. सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंड ही शहरे तिच्यात येतात आणि 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबावीस लाखांच्या वर होती. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनमुळे तिथे मराठी घरेही पुष्कळ आहेत. देशभर सरकारी वकिलांची अशी सुमारे 2,300 कार्यालये आहेत. प्रमुखाचे पद कुठे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, कुठे स्टेट्स ॲटर्नी, व्हर्जिनियात कॉमनवेल्थ्स ॲटर्नी. 2007 च्या सरकारी गणनेनुसार या साऱ्या कार्यालयांत मिळून सुमारे 78,000 माणसे काम करत होती आणि चारातली तीन कार्यालये एक लाखाहून कमी वस्तीसाठी होती. किंग काउंटीच्या कार्यालयात पाचशेहून अधिक माणसे आहेत. अमेरिकेत ज्याला मोठे कार्यालय म्हणतात, ते हे.

सरकारी वकील लोकांनी निवडावा ही कल्पना मिसिसिपी राज्याने 1832 च्या आपल्या राज्यघटनेत पहिल्यांदा आणली. आज बहुतेक सगळ्या राज्यांत तीच पद्धत आहे. न्यू जर्सी, कनेक्टिकट, अलास्का अशा थोड्या राज्यांत नेमणूक होते. आपल्या वाचकाला यातला मुख्य फरक लक्षात घ्यावा लागेल. महाराष्ट्रात आरोपपत्र पोलीस दाखल करतात आणि सरकारी वकील ते न्यायालयात चालवतो. तो पोलीस खात्यापासून वेगळा असावा, यासाठीसुद्धा 1995 मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. किंग काउंटीत गंभीर गुन्ह्याचे कागद पोलीस सरकारी वकिलाकडे पाठवतात. आरोप ठेवायचा की नाही, कोणत्या कलमाखाली ठेवायचा, हे वकील ठरवतो.

आणि त्याला वेळ असतो 72 तासांचा. अटकेनंतर सुट्टीचे दिवस वगळून तेवढ्या अवधीत आरोप दाखल झाला नाही, तर माणसाला सोडावे लागते. या तीन दिवसांत जे घडते ते बहुधा तरुण डेप्युटीच्या टेबलावर घडते. पोलिसांचा अहवाल, फिर्यादीचा जबाब, अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण, आधीच्या शिक्षांचा तक्ता. जबाबात फट दिसली तर त्याने पोलिसांना परत फोन करायचा. पुरावा ज्युरीपुढे टिकणार नाही असे वाटले तर नाही म्हणायचे, आणि ते नाही पीडिताच्या घरी कुणीतरी कळवायचे. आरोप दाखल होऊन आरोपी तो ऐकायला न्यायालयात हजर झाला की दुसरे घड्याळ सुरू होते. आरोपी कोठडीत असेल तर 60 दिवसांत, बाहेर असेल तर 90 दिवसांत खटला उभा राहिला पाहिजे. तारखा पुढे ढकलल्या जातातच. तरी हे घड्याळ डोक्यावर टिकटिकत असल्यामुळे फाइल धूळ खात पडू शकत नाही.

खटला उभा राहतो तो थोड्यांचाच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या एका निकालात नोंदवले की राज्यांच्या न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी 94 टक्के लोक गुन्हा स्वतः कबूल करतात, म्हणजे बहुतेक वेळा दोन वकिलांत आधी तडजोड झालेली असते. मालिकांत दिसणारी ज्युरीपुढची भाषणे हा अपवाद. रोजचे काम म्हणजे कॉरिडॉरमध्ये, फोनवर, ईमेलवर ठरणाऱ्या अटी, आणि त्या कागदावर नीट उतरवणे.

उतरवल्या नाहीत तर काय होते, ते सँटोबेलो विरुद्ध न्यूयॉर्क या 1971 च्या निकालात दिसते. न्यूयॉर्कमध्ये जुगाराच्या खटल्यात एका सरकारी वकिलाने आरोपीला शब्द दिला की शिक्षेबद्दल आम्ही काहीच शिफारस करणार नाही. त्या भरवशावर आरोपीने कबुली दिली. काही महिन्यांनी शिक्षेच्या सुनावणीला आला दुसराच वकील. आधीचा शब्द त्याला ठाऊक नव्हता. त्याने कमाल शिक्षा, एक वर्ष, मागितली आणि न्यायाधीशांनी ती दिली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शब्द वकिलाचा नसतो, कार्यालयाचा असतो. डाव्या हाताला उजव्याचे काम ठाऊक हवे, ही जबाबदारी कार्यालयाचीच. कुणाचीही फसवण्याची इच्छा नव्हती. तरी एका माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न एका न पोचलेल्या निरोपावर येऊन ठेपला.

म्हणून पॅरालीगल, म्हणजे वकिलांचे कायदा जाणणारे मदतनीस, आणि लिपिक यांना मी या कार्यालयाचा कणा मानतो. 1963 च्या ब्रेडी विरुद्ध मेरिलँड निकालानुसार आरोपीच्या बाजूने जाणारा महत्त्वाचा पुरावा सरकारने बचाव पक्षाला दिलाच पाहिजे. 1995 च्या काइल्स निकालाने आणखी पुढे जाऊन सांगितले की पोलिसांकडे पडलेला असा पुरावा शोधून काढणे हेही सरकारी वकिलाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य निभावणे म्हणजे प्रत्यक्षात कोणता व्हिडिओ आला, कोणता राहिला, प्रयोगशाळेचा दुसरा अहवाल कुठे आहे, कोणत्या पोलिसाच्या खोटेपणाची आधीची नोंद आहे, हे एकेक तपासून यादी करणे. हे काम करणाऱ्याचे नाव निकालपत्रात येत नाही. त्याने एक पान गाळले तर निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो, किंवा खरा गुन्हेगार अपिलात सुटू शकतो.

पीडितांसाठी वेगळी माणसे नेमण्याची पद्धत तशी नवी. 1970 च्या दशकाच्या मध्यावर मिलवॉकी आणि ब्रुकलिनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयांनी ती आधी सुरू केली. त्यापूर्वी साक्षीदार हा फक्त पुराव्याचा तुकडा होता. बाहेरच्या बाकावर, कधी आरोपीच्या नातेवाइकांच्या शेजारीच, तो तासन् तास बसून राही. आज किंग काउंटीत घरगुती हिंसाचार झालेल्या बाईला संरक्षण आदेशाचा अर्ज भरायला याच कार्यालयाचे लोक मोफत मदत करतात. अत्याचार झालेल्या मुलाची मुलाखत प्रशिक्षित व्यक्ती घेते, म्हणजे तेच दुःख त्याला दहा जणांपुढे उगाळावे लागू नये.

याच कार्यालयातल्या एलन ओनील-स्टीव्हन्स या डेप्युटींनी 2003 मध्ये आपल्या मुलाचा सहायक कुत्रा, जीटर, न्यायालयात आणला. त्याच्या सोबतीने घाबरलेली मुले बोलती होतात, हे लक्षात आल्यावर 2004 मध्ये एली नावाची प्रशिक्षित लॅब्रडॉर कार्यालयात रुजू झाली. एका घरफोडीच्या खटल्यात बौद्धिक अपंगत्व असलेला साक्षीदार साक्ष देत असताना एली त्याच्याजवळ बसून होती. कुत्र्यामुळे ज्युरीची सहानुभूती साक्षीदाराकडे झुकते, असा आक्षेप बचाव पक्षाने घेतला. तो फालतू नव्हता. न्यायाधीशांनी ज्युरीला कुत्र्याच्या उपस्थितीवरून कोणताही निष्कर्ष काढू नका असे बजावले होते आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये शिक्षा कायम ठेवली. साक्षीदाराला आधार द्यायचा आणि आरोपीचा हक्कही राखायचा, हे दोन्ही साधता येते ते असे, नियम घालून.

सरकारी वकिलाच्या पदाला लगाम फार थोडे आहेत. 1976 च्या इम्ब्लर निकालापासून खटला चालवताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी वकिलावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. त्याने जाणूनबुजून खोटी साक्ष पुढे केली तरीही. हा निकाल मला चुकीचा वाटतो. पण तो आहे, आणि त्यामुळे उरते ती कार्यालयातली शिस्त आणि चार वर्षांनी येणारे मत. वरिष्ठ डेप्युटी किती टिकतात, नवख्यांना कोण शिकवते, पीडितांच्या मदतनिसांकडे एका वेळी किती प्रकरणे असतात, हे प्रश्न प्रचारात फारसे कुणी विचारत नाही. किंग काउंटीच्या विद्यमान प्रॉसिक्युटिंग ॲटर्नी लीसा मॅनियन यांनी जानेवारी 2023 मध्ये पद स्वीकारले. त्याआधी अनेक वर्षे त्या इथेच चीफ ऑफ स्टाफ होत्या. कारभार आतून सांभाळलेली व्यक्ती प्रमुख होणे मला शुभ वाटते.

2016 मध्ये नियम बदलल्यापासून तिथे ही निवडणूक पक्षाच्या नावाशिवाय होते. ती 2022, 2026 अशी दर चार वर्षांनी येते आणि मतपत्रिका टपालाने घरी पोचते. बेलव्ह्यू-रेडमंडच्या ज्या मराठी मंडळींना नागरिकत्व मिळाले आहे, त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या मताइतकेच हे मत गंभीरपणे द्यावे. उमेदवार सभेला आला तर गुन्हेगारीवर भाषण ऐकून परतू नये. तुमच्याकडे पॅरालीगल किती, आणि त्यांच्यापैकी एकेकाकडे किती फाइली, हे त्याला विचारावे.