नव्वदीतले स्नायू आणि पेशींतील ऊर्जा

वार्धक्याचे शरीरशास्त्र : लेखांक ७

तरुण, निरोगी माणसाच्या वजनात हाडांना जोडलेल्या स्नायूंचा वाटा साधारण ४० टक्के असतो. चाळिशीच्या आसपास तो घटू लागतो आणि साठीनंतर दर वर्षी सुमारे एक टक्का स्नायू कमी होतो. ताकद मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ओसरते. ऐंशीच्या पुढे ही तफावत उघड दिसते. मांडीचा घेर फारसा उतरलेला नसला, तरी पाटावरून उठताना हाताचा टेका लागतो आणि एक मजला चढताना दोनदा थांबावे लागते. स्नायू आकाराने कमी होतो आणि जो उरतो तोही पूर्वीइतके काम देत नाही. याचे एक मोठे कारण स्नायूच्या पेशीत ऊर्जा कशी तयार होते, यात आहे.

या क्षयाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव १९८९ मध्ये अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवले. बरीच वर्षे तो म्हातारपणाचाच भाग मानला जाई. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेले निकष साधे आहेत. हाताच्या पकडीचा जोर पुरुषांत २८ किलोपेक्षा किंवा स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरला, चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली गेला किंवा हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद वा त्याहून जास्त लागले, तर पुढची तपासणी करावी. निदान पक्के करण्यासाठी स्नायूंचे प्रमाणही मोजतात.

ऊर्जा येते कुठून

स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी या रेणूच्या बळावर. त्याचा स्नायूतला साठा अगदी तुटपुंजा, जोरदार कामाच्या दोन-तीन सेकंदांपुरता असतो. त्यानंतरचे काही सेकंद फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ एटीपी पुन्हा भरून देतो. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत काम करणारे आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो १९२७ मध्ये शोधला. त्यापुढचे काम ग्लुकोज आणि चरबी यांच्या ज्वलनावर चालते. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोजच्या एका रेणूपासून दोनच एटीपी सुटतात. तोच रेणू ऑक्सिजनच्या साहाय्याने तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रियात, पूर्ण वापरला गेला की सुमारे तीस मिळतात.

तंतुकणिकेला दोन पटले असतात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलातील प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात आणि त्या ओघात प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. बाहेर साचलेले प्रोटॉन पुन्हा आत येताना एटीपी सिंथेज या प्रथिनाचा एक भाग पाणचक्कीच्या चाकासारखा फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होते. ही कल्पना मांडणारे पीटर मिचेल यांना १९७८ मध्ये, तर त्या प्रथिनाची घडण आणि फिरती उलगडणारे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात एका वेळी असलेले एटीपी काही तोळेच भरते, पण दिवसभरात ते इतक्या वेळा तुटते आणि जुळते की त्याची एकूण उलाढाल माणसाच्या वजनाच्या घरात जाते.

उतारवयातले बिघाड

तंतुकणिकेचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यात ३७ जनुके असून त्यांपैकी १३ जनुके इलेक्ट्रॉनच्या साखळीतील आणि एटीपी सिंथेजमधील प्रथिने घडवतात. हा डीएनए साखळीच्या अगदी शेजारी असतो आणि त्याची दुरुस्ती पेशीकेंद्रातील डीएनएइतकी चोख होत नाही. वयाबरोबर त्याच्या काही प्रतींतून मोठे तुकडे गळतात. एका पेशीत अशा हजारो प्रती असल्याने थोड्या सदोष प्रतींनी काही अडत नाही. मात्र स्नायुतंतूच्या एखाद्या भागात सदोष प्रती वाढत जाऊन बहुसंख्य झाल्या, की तेवढ्या भागात एटीपीचे उत्पादन कोसळते. प्रयोगशाळेत अशा तंतूंचे लागोपाठ पातळ छेद घेतल्यावर बिघाडाच्या जागी तंतू बारीक झालेला, काही ठिकाणी तुटलेलाही आढळतो. तुटलेला तंतू परत जुळत नाही.

जुन्या, निकामी तंतुकणिका मोडून त्यांतील घटक पुन्हा वापरण्याची सोय पेशीत असते. या स्वभक्षण प्रक्रियेचा उलगडा केल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. उतारवयात ही साफसफाई मंदावते. सदोष तंतुकणिका साचतात, एटीपी कमी देतात आणि घातक ऑक्सिजन-रेणू जास्त सोडतात.

दुसरा बिघाड चेतातंतूंचा. पाठीच्या कण्यातील प्रेरक चेतापेशी साठीनंतर लक्षणीय प्रमाणात घटतात. चेतापेशी गेली की तिच्या ताब्यातले स्नायुतंतू निराधार होतात. शेजारची चेतापेशी नवा फाटा काढून त्यांतील काही तंतूंना सांभाळून घेते. उरलेले सुकून जातात. ऐंशीनंतर अशी सोय लावण्याची क्षमताही अपुरी पडते. स्वीडनमधील यान लेक्सेल यांनी मृत पुरुषांच्या मांडीचे संपूर्ण स्नायू तपासून १९८८ मध्ये दाखवले, की विशी ते ऐंशीच्या दरम्यान स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी घटते. त्यामागे तंतूंची संख्या कमी होणे हे मुख्य कारण होते. उरलेल्या तंतूंपैकी जलद आकुंचन पावणारे जास्त बारीक होतात. ठेच लागल्यावर तोल सावरायला हेच तंतू लागतात, म्हणून या वयात पडण्याचा धोका वाढतो.

तिसरे कारण निष्क्रियता. साठीच्या पुढच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणावर ठेवल्यावर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू-वस्तुमान गेल्याचे २००७ मध्ये अमेरिकेत नोंदवले गेले. आजारपणात किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणूस ‘खंगतो’ तो यामुळेही. म्हातारपणाच्या खात्यावर मांडलेल्या अशक्तपणात न हालण्याचा वाटा मोठा असतो.

कामामुळे होणारी वाढ

१९६७ मध्ये सेंट लुईस येथे जॉन होलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे पट्ट्यावर पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांच्या विकरांची क्षमता जवळपास दुप्पट झाली. स्नायू थकेपर्यंत वापरला की पेशीत ऊर्जेच्या तुटवड्याचा इशारा जातो आणि तंतुकणिका घडवणारी जनुके जागी होतात. ही यंत्रणा फार उतारवयात मंद होते, पण बंद पडत नाही.

फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शां यांनी २०१२ मध्ये वयाच्या शंभरीत एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले. पुढची दोन वर्षे त्यांनी वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर सायकल चालवली. त्यातला बहुतांश सराव हलका, तर पाचवा हिस्सा दमवणारा होता. या काळात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ३१ मिलिलिटरवरून ३५ वर गेली आणि २०१४ मध्ये त्यांनी तासाभरात २६.९२ किलोमीटर गाठले. आयुष्यभर बर्फावर स्कीइंग करणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या स्वीडिश खेळाडूंत ही क्षमता सरासरी ३८ आढळली. त्याच वयाच्या, सराव नसलेल्या निरोगी पुरुषांत ती २१ होती. स्वतंत्रपणे वावरायला ती अठराच्या आसपास तरी लागते.

हे अपवादात्मक लोक झाले. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वयाच्या दहा दुबळ्या रहिवाशांवर मारिया फियातारोने यांनी केलेला प्रयोग म्हणूनच अधिक मोलाचा आहे. आठ आठवडे पायांना वजन लावून व्यायाम दिल्यावर, तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी आणि मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी वाढला. दोघांची काठी सुटली. ताकद स्नायूपेक्षा कितीतरी जास्त वाढली, कारण चेतासंस्था असलेल्या तंतूंना अधिक चांगले कामाला लावू लागली. व्यायाम थांबताच चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. १९९४ मध्ये सरासरी ८७ वयाच्या शंभर रहिवाशांवरील चाचणीतही ताकद दुपटीहून वाढली. ज्यांना व्यायामाविना नुसता पूरक आहार दिला, त्यांची ताकद वाढली नाही.

आहार आणि पूरके

वृद्ध स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतो. तेवढ्याच वाढीसाठी त्याला अधिक प्रथिने लागतात. प्रौढांसाठी भारतीय शिफारस दर किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात आणि ती प्रत्येक जेवणात विभागून घ्यावीत असे सांगतात. दात गेलेल्या वृद्धाचे सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मऊ वरण-भात आणि रात्री पेज असे खाणे पोट भरते, पण त्यात प्रथिने फार कमी पडतात. दूध, दही, पनीर, अंडी, मासे, घट्ट पिठले, मुगाचे धिरडे हे चावायला सोपे पर्याय आहेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

डाळिंबातील घटकांपासून काहींच्या आतड्यातील जीवाणू युरोलिथिन ए हा पदार्थ बनवतात. तो निकामी तंतुकणिकांच्या सफाईला चालना देतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६५ ते ९० वयोगटातील चाचणीत त्याने हाताच्या आणि पायाच्या स्नायूंचा दमसास वाढवला. मात्र सहा मिनिटांतील चालण्याचे अंतर आणि एटीपी निर्मितीचा कमाल वेग ही जी मुख्य उद्दिष्टे होती, त्यांत नकली गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही.

सार्कोपेनियासाठी मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. हृदय, रक्तदाब आणि सांध्यांची तपासणी करून घेतल्यानंतर, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीनदा पायांना भार देणारा व्यायाम, रोजचे चालणे आणि प्रत्येक जेवणात पुरेशी प्रथिने, हाच आज सिद्ध झालेला उपाय आहे. तो नव्वदीतही लागू पडतो, पण चालू ठेवला तरच टिकतो.