दिवसा सलोखा, रात्रीं गर्जना

एकत्र कुटुंबांत ज्याला कर्ता म्हणतात त्याचें काम काय असतें, हें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. थोरल्यांचा मान राखावयाचा, धाकट्यांचा हिरमोड होऊं द्यावयाचा नाहीं, दोन जावांमधील कुरबूर उंबरठ्याबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं. आणि इतकें करून ह्या श्रमांची नोंद घरच्या कोणत्याहि वहींत सांपडावयाची नाहीं. आतां अशी कल्पना करावी कीं, ह्या कुटुंबांत हजारों माणसें आहेत; तीं पृथ्वीच्या पाठीवर चहूंकडे विखुरलेलीं आहेत; बहुतेकांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं; त्यांना बांधून ठेवणारें रक्ताचें नातें नाहीं, कीं पगाराचा दोर नाहीं; आणि ज्याला वाटेल त्याला वाटेल त्या क्षणीं पानावरून उठून जातां येतें. अशा घराचें कर्तेपण करणें हा एक नवाच व्यवसाय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उदयास आला आहे. त्या व्यवसायिकास 'कम्युनिटी मॅनेजर', म्हणजे समुदायाचा व्यवस्थापक, असें म्हणतात.

ह्या व्यवसायास ज्यांनीं शिस्त व प्रतिष्ठा आणून दिली, त्यांत जोनो बेकन ह्या इंग्रज गृहस्थांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. त्यांचा जन्म १९७९ सालचा. २००६ पासून २०१४ पर्यंत ते 'उबुंटु' ह्या जगप्रसिद्ध संगणक-प्रणालीच्या समुदायाचे व्यवस्थापक होते. दिवसभर रुसलेल्यांची समजूत घालणारे हे गृहस्थ कामांतून मोकळे झाले म्हणजे गिटार गळ्यांत अडकवून जें संगीत करीत, तें मात्र ऐकणाराच्या छातींत धडकी भरविणारें. त्याला 'हेवी मेटल' म्हणतात. हा विरोध दिसतो तितका खरा आहे काय, हें पाहण्यापूर्वीं त्या हजारों माणसांच्या कुटुंबाची ओळख करून घेतली पाहिजे.

संगणक चालतो तो त्याला दिलेल्या आज्ञांच्या जोरावर. जुन्या काळचे आचारी आपल्या पाकाची कृति लपवीत, त्याप्रमाणें ह्या आज्ञावलीचा मूळ मजकूर पुष्कळ कंपन्या कुलुपांत ठेवितात. गिऱ्हाइकाला पदार्थ मिळतो, कृति मिळत नाहीं. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं ह्या रीतीविरुद्ध निशाण उभारलें. आज्ञावली वापरण्याचें, तपासण्याचें, सुधारण्याचें आणि शेजाऱ्यास देण्याचें स्वातंत्र्य प्रत्येकास असावें, असा त्यांचा आग्रह होता. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा सर्वांसाठीं खुला केला. ह्या पद्धतीस पुढें १९९८ मध्यें 'ओपन सोर्स' हें नांव पडलें.

दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ ह्यांनीं २००४ सालीं कॅनॉनिकल ही कंपनी काढली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत उबुंटूची पहिली आवृत्ति बाहेर पडली. 'उबुंटु' हा शब्द झुलु आदि आफ्रिकन भाषांतला. माणसाला माणुसकी येते ती इतर माणसांमुळें, असा त्याचा भावार्थ. एप्रिल व ऑक्टोबर ह्या दोन महिन्यांत नवी आवृत्ति काढावयाची हा तिचा नेम सहसा चुकत नाहीं. २०११ पर्यंत मागेल त्याला तिची तबकडी टपालानें फुकट घरपोंच येत असे. आपल्या देशांतल्या कित्येक विद्यार्थ्यांची ह्या प्रणालीशीं पहिली ओळख त्या टपालांतल्या पाकिटानेंच करून दिली.

आतां अशा कुटुंबाच्या कर्त्याचा दिवस पहा. आपल्या राज्यावर सूर्य मावळत नाहीं, ही प्रौढी एके काळीं एका साम्राज्याची होती. ह्या व्यवसायाची तीच अडचण आहे. इंग्लंडांत सकाळचा चहा होतो तेव्हां पुण्याचा स्वयंसेवक जेवावयास बसलेला असतो, आणि कॅलिफोर्नियाचा गाढ झोंपेंत असतो. कॅनॉनिकलचे पुष्कळसे लोक घरूनच काम करीत. त्यामुळें कचेरी म्हणजे घरांतली एक खोली, आणि सहकारी म्हणजे पडद्यावर उमटणारीं अक्षरें. सकाळचें पहिलें काम पत्रांचें. कोणी कळवितो, अमुक यंत्रांतून आवाजच निघत नाहीं. कोणी विचारतो, मला आज्ञावली लिहितां येत नाहीं, पण भाषांतर येतें. मला कांहीं काम द्याल का? तिसरा संतापलेला असतो: दोन महिने खपून दुरुस्ति करून पाठविली, ती कोणी उघडूनहि पाहिली नाहीं.

कसबी व्यवस्थापक हें तिसरें पत्र आधीं हातीं घेतो. कारण बिघडलेलें यंत्र उद्यां दुरुस्त करतां येतें. परंतु ज्याच्या बिनमोल श्रमाकडे कोणी पाहिलें नाहीं, तो माणूस दुसऱ्यांदा तक्रार करीत नाहीं. तो निमूटपणें निघून जातो. मग त्या दुरुस्तीची परीक्षा कोणीं करावयाची होती, ती कां झाली नाहीं, ती वाट कोठें अडली, हें शोधून काढावें लागतें. पुष्कळदां असें आढळतें कीं, दोष कोणाच्याच मनांत नसून वहिवाटींत असतो. परीक्षक दोघे आणि काम दोनशेंचें. तेव्हां माणसाची समजूत घालणें हें अर्धेंच काम; वहिवाट दुरुस्त करणें हें उरलेलें अर्धें. त्यानंतर निरनिराळ्या मंडळांच्या सभा, नव्या माणसांस वळण लावणें, आणि न चुकतां करावयाचें काम म्हणजे आभार. 'सर्वांचे आभार' असें मोघम लिहून भागत नाहीं; कोणीं, कोणतें, किती अडचणींतून केलें, हें नेमकें लिहावें लागतें. वर्षांतून दोन वेळां देशोदेशींचे कार्यकर्ते एकत्र जमत व पुढील सहा महिन्यांचा बेत ठरवीत. २०१३ पासून त्या बैठका दूरच्या दूर, यंत्रावरच होऊं लागल्या.

ह्या कुटुंबाला लेखी आचारसंहिताहि आहे. दुसऱ्याचा विचार करा, आदर राखा, मतभेद झाल्यास इतरांचा सल्ला घ्या, अडल्यास विचारा, असे तिचे साधे नियम. त्यांतला शेवटचा नियम आम्हांस विशेष वाटतो: काम सोडावयाचें झाल्यास मागें राहणाऱ्यांची अडचण होणार नाहीं अशा रीतीनें सोडा. किती सार्वजनिक संस्था केवळ हा नियम न पाळल्यामुळें मोडल्या असतील!

परंतु ह्या पेशाची खरी कसोटी निराळीच आहे. पगार कंपनीचा, आणि विश्वास मात्र बिनपगारी मंडळींचा राखावयाचा. दोहोंचें हित जुळतें तोंपर्यंत सर्व ठीक असतें. २०१२ च्या ऑक्टोबरांतील उबुंटूच्या आवृत्तींत असें झालें कीं, मनुष्य आपल्याच यंत्रावर कांहीं शोधूं लागला, तर ते शब्द कंपनीकडे जात आणि ॲमेझॉनच्या दुकानांतील माल त्याच्यापुढें मांडला जाई. हें वापरणाराच्या खासगी गोष्टींवर पाळत ठेवणें आहे, असा जाहीर आरोप त्याच डिसेंबरांत खुद्द स्टॉलमन ह्यांनीं केला, आणि लोकांनीं उबुंटूची शिफारस करूं नये असें सांगितलें. बेकन ह्यांनीं जाहीर उत्तर दिलें, आणि त्यांत स्टॉलमन ह्यांच्या भूमिकेस 'पोरकट' म्हटलें. जन्मभर ह्याच तत्त्वासाठीं झटलेल्या वडील माणसाविषयीं हा शब्द एका सलोखा राखणाराच्या तोंडून निघावा, हें अनेकांस खटकलें. थोड्याच दिवसांत बेकन ह्यांनीं त्या शब्दाबद्दल जाहीर क्षमा मागितली. मूळ प्रश्नावर दोघांचें एकमत झालें असें नव्हे. मतभेद ठेवून शब्द तेवढा परत घेतला गेला. मत सोडलें म्हणजेच क्षमा, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते, आणि तीमुळें घरोघर अबोले वर्षानुवर्षें टिकतात. पुढें २०१६ च्या एप्रिलमधील आवृत्तीपासून तो बाहेरचा शोध आपोआप चालू राहणें बंद झालें.

आतां रात्रीच्या गर्जनेकडे वळूं. बेकन ह्यांचें शिक्षण इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन येथें झालें. तेथूनच जवळ बर्मिंगहॅम. कोळसा, लोखंड आणि कारखाने ह्यांचा हा मुलूख. हेवी मेटलचें उगमस्थानहि हेंच. टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा १९६५ सालीं तेथील पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा वादक. तारा दाबावयाच्या त्याच ह्या बोटांनीं. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं आणि हलक्या तारा लाविल्या. त्यांतून जो जड, गंभीर, घुमणारा नाद निघाला, त्यावर 'ब्लॅक सॅबथ' ह्या वृंदाची १९७० सालची पहिली ध्वनिमुद्रिका उभी राहिली, आणि एका नव्या संगीताचा पाया पडला. बाहेरच्याला हा गोंगाट वाटतो. परंतु त्यांतील लय काटेकोर असते, आणि गळा न दुखवितां तो कर्कश स्वर लावण्यासहि रियाज लागतोच.

ह्या संगीताची एक जुनी चाल आमच्या विषयाशीं नेमकी जुळते. १९८० नंतरच्या दशकांत ह्या शौकिनांनीं एकमेकांस टपालानें ध्वनिफिती पाठवून अनोळखी वृंदांचीं गाणीं देशोदेशीं पोंचविलीं. 'मेटॅलिका' ह्या वृंदाची १९८२ सालची कच्ची फीत अशीच हातोहात फिरली. बेकन ह्यांनीं तोच विचार पुढें नेला. २००८ सालीं त्यांनीं 'सेव्हर्ड फिफ्थ' ह्या नांवानें 'डिनाइड बाय रेन' हा गीतसंच काढला, आणि कोणींहि तो घ्यावा, वांटावा, त्यावरून नवें रचावें, अशी परवानगी देऊन टाकली. गाणें मोकळें सोडल्यास गवयाचें पोट भरतें काय, हा प्रश्न त्यांना स्वतःवर प्रयोग करून पहावयाचा होता. पुढें इतर वादक मिळाले आणि २०११ सालीं 'लिबरेट' हा संच निघाला. २००९ सालचें त्यांचें 'द आर्ट ऑफ कम्युनिटी' हें पुस्तकहि विक्रीबरोबरच फुकट वाचावयास ठेविलेलें होतें. आपल्याकडे घराण्यांच्या पेटाऱ्यांत बंद असलेल्या चिजा पं. विष्णु नारायण भातखंडे ह्यांनीं मिळवून 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या रूपानें छापल्या, तेव्हां कित्येक उस्तादांनीं कपाळास आंठ्या घातल्या असतील. परंतु त्यामुळें विद्या आटली नाहीं, वाढलीच.

२०१४ मध्यें बेकन ह्यांनीं उबुंटूचें काम सोडलें, पुढें ते एक्सप्राइझ व गिटहब ह्या संस्थांत त्याच पेशांत राहिले, आणि २०१९ सालीं त्यांचें 'पीपल पॉवर्ड' हें पुस्तक निघालें. दिवसाचा सलोखा आणि रात्रीची गर्जना ह्यांत विरोध नाहीं, असें आमचें मत आहे. जो दिवसभर दुसऱ्यांचा राग ऐकून घेतो, त्याला स्वतःचा आवाज मोकळा सोडण्यास एखादी जागा हवीच. ती नसेल तर तो आवाज नको त्या वेळीं, नको त्या माणसावर निघतो. आणि दोन्ही ठिकाणीं देण्याची रीत एकच आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण गणेशोत्सवाच्या मंडळांत, वाचनालयांत, भजनी मंडळांत बिनपगारी काम करितात किंवा करवून घेतात. घरांतला बिनपगारी वर्ग तर त्याहून मोठा. स्वयंपाकघरांतच तो अधिक आढळेल. ह्या संस्था पैशावांचून क्वचित् मोडतात. कोणीं दोन महिने खपून कांहीं केलें आणि कोणीं तें उघडूनहि पाहिलें नाहीं, ह्यामुळें त्या मोडतात. तेव्हां आज आपल्या घरांत तें तिसरें पत्र कोणाचें पडून आहे, हें कर्त्या माणसानें एकदां अवश्य पहावें.