मुक्त प्रणाली, मूक यंत्रे (लेखांक ७) : अग्रक्रमाचा पेच

फ्रीआरटीओएस या मुक्तस्रोत कार्यप्रणालीत प्रत्येक काम, म्हणजे टास्क, स्वतःचा स्टॅक व स्वतःचा अग्रक्रम घेऊन रुजू होते, आणि तयार असलेल्या कामांपैकी ज्याचा अग्रक्रम सर्वांत वरचा त्याच्याच हवाली प्रोसेसर करावयाचा, हा तिचा मूळ जाबता आहे, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. जाबता इतका सरळ, की त्यात काही पेच दडलेला असेल अशी शंकाही नवशिक्याला येत नाही. परंतु एम्बेडेड यंत्रांचे प्रोग्राम लिहू पाहणाऱ्याची खरी परीक्षा येथूनच सुरू होते.

वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांना यातील अर्धा भाग ठाऊकच आहे. मालगाडीला लूप लाइनवर थोपवून मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट दिली जाते, हा झाला अग्रक्रम. पण तीच मालगाडी एकदा पुढच्या ब्लॉक सेक्शनमध्ये शिरली, की तो सेक्शन मोकळा होईपर्यंत एक्स्प्रेसलाही सिग्नलपाशी तिष्ठावेच लागते, कारण एका सेक्शनात एका वेळी एकच गाडी, हा नियम गाडीचा दर्जा पाहत नाही. यंत्राच्या पोटातही असे सेक्शन असतात आणि त्यांवर कुलपे घालावी लागतात.

आता शिवारातले उदाहरण घेऊ. धानाच्या बांधीला पाणी देणाऱ्या मोटारीवर देखरेख करणारे एक यंत्र आपण बांधीत आहोत असे समजा. त्याचा बोर्ड काही शे रुपयांना मिळणारा, एसटीएम३२एफ१०३सी८ या चिपचा, ज्यात एकच प्रोसेसर आणि अवघी २० किलोबाइट रॅम आहे. विहिरीतले पाणी संपून मोटार कोरडी फिरू लागली की तिचा विद्युत्प्रवाह उतरतो. तो उतार हेरून ती तत्काळ बंद करणे हे सर्वांत वरच्या अग्रक्रमाचे काम, मोबाइलवरचा संदेश जुळविणे हे मधले, आणि मातीतली ओल मोजून नोंदविणे हे सर्वांत खालचे. प्रवाह व ओल मोजणारे दोन्ही सेन्सर आय-टू-सी या एकाच दुतारी बसवर आहेत, आणि आकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्या बसवर कुलूप आहे.

ओलीच्या कामाने बसचा ताबा घेतला असतानाच प्रवाह तपासण्याची वेळ झाली. वरिष्ठ कामाने बस मागितली आणि ती मोकळी नसल्याने ते तहकूब झाले. इथवर वावगे काही नाही, कारण कनिष्ठ काम दोन-चार मिलिसेकंदांत बस सोडणारच आहे. पण तेवढ्यात संदेशाचे काम जागे होते; त्याला बस नकोच, फक्त प्रोसेसर हवा, आणि ओलीच्या कामाहून वरचढ असल्याने जाबत्याबरहुकूम तो त्याला मिळतो. मग प्रोसेसर नाही म्हणून कनिष्ठ पुढे सरकत नाही, बस सुटत नाही म्हणून वरिष्ठ जागचे हलत नाही, आणि संदेशाचे काम लांबेल तितका वेळ मोटार कोरडी फिरत राहते. कोणीही नियम मोडलेला नाही, तरी कारभार उलटा झाला आहे. या अवस्थेला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

तिन्ही कामांची गाठ नेमकी याच क्रमाने पडावी लागत असल्याने मेजावरच्या चाचणीत हा दोष सहसा सापडत नाही. नासाचे मार्स पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि पुढे त्याचा संगणक वरचेवर आपोआप रीसेट होऊ लागला, तो याच कारणाने: हवामानाची माहिती जमविणाऱ्या कनिष्ठ कामाकडे कुलूप, मधल्या कामांकडे प्रोसेसर, आणि यानाची माहिती-बस सांभाळणारे वरिष्ठ काम खोळंबलेले. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तोच प्रसंग घडवून आणला आणि कुलपाचा एक पर्याय बदलणारी दुरुस्ती मंगळावर धाडली.

त्या पर्यायामागची उपपत्ती लुई शा, रागुनाथन राजकुमार व जॉन लेहोत्स्की यांनी १९९० साली एका निबंधात सविस्तर मांडली होती. वरिष्ठ काम ज्याच्यामुळे अडले आहे त्या कनिष्ठाला, कुलूप सोडीपर्यंत, वरिष्ठाचाच अग्रक्रम उसना द्यावा, म्हणजे मधल्यांना आड येण्याची मुभाच उरत नाही. फ्रीआरटीओएसमधील म्युटेक्स या जातीचे कुलूप ही तजवीज आपोआप करते. बायनरी सेमाफोर ही दुसरी जात मात्र करीत नाही, आणि दोन्हींचा वापर वरवर सारखाच दिसत असल्याने नवशिका येथेच फसतो.

पाथफाइंडरवरील व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली व्यापारी होती. फ्रीआरटीओएसचे दफ्तर मात्र एमआयटी परवान्याने सर्वांना खुले आहे. तिचा गाभा टास्क्स, क्यू व लिस्ट या सी भाषेतील तीन फाइलींत मावतो, आणि टास्क्स या फाइलीत ‘एक्सटास्कप्रायॉरिटीइनहेरिट’ हे फंक्शन शोधून वाचले, तर अग्रक्रम उसना देण्याचा हा सारा व्यवहार ओळीओळीने उलगडतो. तत्त्व पाठ करणे निराळे आणि ते अंमलात आणणारा मूळ मजकूर वाचणे निराळे; वरठीतल्या विद्यार्थ्यालाही हा दुसरा मार्ग मोकळा आहे, हेच मुक्तस्रोत प्रणालीवर शिकण्याचे खरे कारण होय. ज्यांची सी कच्ची असेल त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत.

या आठवड्याचा स्वाध्याय असा: कनिष्ठ काम कुलूप घेऊन १०० मिलिसेकंद गणितात गुंतू द्या; २० व्या मिलिसेकंदाला वरिष्ठाने तेच कुलूप मागावे, आणि ५० व्याला मधल्या कामाने प्रोसेसर दोन सेकंद अडवावा. कुलूप प्रथम बायनरी सेमाफोरचे करा. ती जन्मतः रिकामी असते, म्हणून आधी एकदा ‘गिव्ह’ करण्यास विसरू नका. वरिष्ठाचा खोळंबा दोन सेकंदांहून अधिक भरेल. मग तेथे म्युटेक्स घाला. खोळंबा सुमारे ८० मिलिसेकंदांवर यावा. तसा न आल्यास तिन्ही कामांचे अग्रक्रम प्रथम तपासा.

इंटरप्टच्या सेवेत असलेल्या कोडाला हे कुलूप मागण्याची मनाई का आहे, हा पुढील लेखांकाचा विषय.