ॲव्हरेज किती, त्याआधी रनिंग किती?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळी सुटली की कारखान्यांच्या फाटकांतून दुचाकींचा लोंढा बाहेर पडतो. कोल्हापूर किंवा निपाणीकडे जाणाऱ्यांना पुढे पुणे-बंगळूर महामार्गावर मालट्रकांच्या सोबतीने घर गाठायचे असते. मुसळधार पावसात वा रात्रपाळीनंतर हा प्रवास जिवावरचा ठरतो. म्हणूनच थोडी पुंजी साठली की छोट्या मोटारीचा विचार सुरू होतो आणि शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, ''ॲव्हरेज किती देते?'' प्रश्न रास्त आहे; मात्र त्याआधी आपले रनिंग किती, हे ग्राहकाने स्वतःला विचारायला हवे.

रनिंगचा हिशेब

कोल्हापूर शहरातून वसाहतीपर्यंतचे अंतर एका बाजूने २० किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर वर्षाला १२ हजार किलोमीटर होतात. लिटरला २० किलोमीटर चालणारी मोटार त्यासाठी ६०० लिटर पेट्रोल पिते. दर १०५ रुपये धरल्यास हा खर्च ६३ हजार रुपये. किलोला २६ किलोमीटर चालणाऱ्या सीएनजी मोटारीला ९० रुपये दराने सुमारे साडेएकेचाळीस हजार लागतात. सीएनजी मॉडेलसाठी ९० हजार रुपये जादा मोजले असतील, तर ते सव्वाचार वर्षांत वसूल होतात.

हाच हिशेब कागलमध्येच राहणाऱ्या आणि वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला लावला, तर वसुलीस सुमारे १७ वर्षे लागतील! शिवाय सीएनजीची टाकी डिकीतील बरीच जागा अडवते आणि पंप रोजच्या वाटेवर नसल्यास वळसा व रांग दोन्ही नशिबी येतात. अशा कुटुंबाला साधी पेट्रोल मोटारच परवडते.

कंपनीचा आकडा आणि रस्ता

जाहिरातीतील ॲव्हरेज हे प्रयोगशाळेत रोलरवर मोटार चालवून काढलेले असते. ज्या ठरावीक चालनचक्रावर ही चाचणी होते, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरेही योगायोगाने एमआयडीसी अशीच आहेत! त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि एसी बंद असतो. प्रत्यक्षात एसी, चार माणसांचे वजन आणि महामार्गावरील वेग यांमुळे आकडा खाली येतो. वेग ८० वरून १०० वर नेला, तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक वाढतो. त्यामुळे तेच मॉडेल त्याच रस्त्याने रोज चालविणाऱ्या सहकाऱ्याचा अनुभव माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावा.

इथेनॉलचाही विचार हवा. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या इंधनावर ॲव्हरेज थोडे घटते. जुनी मोटार घेताना ती या इंधनास अनुकूल आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते.

स्वस्त म्हणजे काय?

दुचाकीवरून जाणाऱ्या कुटुंबाला चार चाकांचे छप्पर मिळावे, या कल्पनेतून टाटा नॅनो २००९ मध्ये बाजारात आली. 'लाखाची गाडी' म्हणून तिचा गाजावाजा झाला; पण २०१८ मध्ये तिची निर्मिती थांबली. केवळ कमी किमतीवर ग्राहक टिकत नाही, हा धडा तिने दिला.

किमतीपेक्षा मासिक भार पाहणे शहाणपणाचे. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे आठ हजार रुपये बसतो. त्यात इंधनाचे सव्वापाच हजार मिळविले, की विमा, सर्व्हिसिंग आणि टायर यांच्याआधीच आकडा तेरा हजारांवर जातो. हे पगारात बसत नसेल, तर सुस्थितीतील सेकंड हँड मोटार उत्तम.

चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी मोटारींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे टचस्क्रीन आणि अलॉय व्हीलवर उधळण्यापेक्षा सुरक्षेवर खर्चावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही अपघात-चाचणी सुरू झाली आहे. तिचे तारांकन जरूर पाहावे. रात्रपाळीहून सुखरूप घरी पोहोचणे, हाच तर मोटार घेण्यामागचा मूळ हेतू होता. लिटरमागे वाचणाऱ्या दोन रुपयांसाठी त्याच्याशी तडजोड नको.